सागराघरचे पाहुणे

पुण्यातून समुद्र दिसत नाही. मध्ये सह्याद्रीच्या रांगा उभ्या असल्यामुळे खारा वारा येथवर पोचत नाही, आणि मुळा-मुठेच्या काठी वाढलेल्या मुलाला भरती-ओहोटीच्या वेळा ठाऊक असण्याचे काही कारण नसते. तरीही समुद्रावरचा एक शब्द या शहराच्या तोंडी रोज असतो. एखाद्या शाळेच्या नव्या मुख्याध्यापकांनी 'सुकाणू हाती घेतले' असे वर्तमानपत्र छापते. संमेलनाची आखणी करावयाची असली की 'सुकाणू समिती' नेमली जाते. घरातील आजोबा थकले म्हणजे संसाराचे सुकाणू थोरल्या मुलाकडे येते. हा शब्द सहज उच्चारणाऱ्या बहुतेकांनी खरे सुकाणू मात्र कधी पाहिलेले नसते. नाणे हातोहाती फिरून गुळगुळीत व्हावे आणि त्यावरचा छाप पुसट व्हावा, तशीच या शब्दाची स्थिती झाली आहे.

खरे सुकाणू पाहावयाचे तर पुणेकराला फार दूर जावे लागत नाही. खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. १६ जानेवारी १९५५ रोजी तिचे उद्घाटन झाले. तेथील जलाशयाच्या एका भागाला पीकॉक बे असे म्हणतात. त्या पाण्यात छात्रांना वल्ही मारण्याचे आणि शिडाची नौका हाकारण्याचे शिक्षण मिळते. नौकेत प्रथमच बसलेल्या नवशिक्याची नजर साहजिकच उंच शिडाकडे जाते. वाऱ्याने फुगलेले ते शीड डौलदार दिसते, आणि नौका चालते तीही त्याच्याच बळावर. परंतु नौका कोठे जाईल हे ठरविणारी वस्तू पाण्याखाली दडलेली असते. नौकेच्या पिछाडीस उभ्या फळीसारखे एक पाते असते, तेच सुकाणू. पाते डावीकडे वळविले की वाहते पाणी त्याच्यावर आदळते, नौकेची पिछाडी उजवीकडे रेटली जाते आणि तिचे तोंड डावीकडे वळते. नौका निश्चल उभी असेल तर मात्र सुकाणू कितीही फिरविले तरी तिची दिशा बदलत नाही.

मोठ्या नौकांवर हे पाते वळविण्यासाठी चक्र असते. आजच्या पुष्कळ नौकांचे सुकाणू तळाखाली मोकळे लोंबते; त्याला आधार असतो तो केवळ एका जाड दांड्याचा. तो दांडा नौकेच्या तळाला ठेवलेल्या छिद्रातून वर येतो. पाते मोडले तर दिशा हरपते. दांड्याभोवतीचा तळ फाटला तर पाणी आत शिरते आणि नौकाच बुडते.

एवढ्याशा वस्तूवर विश्वास टाकून माणसे महासागर ओलांडतात. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातील फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी राहत असत. समुद्रापासून दूर असलेल्या त्या माळरानावर बसून ते एक स्वप्न पाहत होते: एखाद्या भारतीयाने शिडाच्या नौकेतून, एकट्याने, पृथ्वीप्रदक्षिणा करावी. नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी ते आव्हान स्वीकारले. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांनी त्यांच्यासाठी छप्पन्न फूट लांबीची नौका बांधली, आणि तेथील नदीवरून तिचे नाव 'म्हादेई' असे ठेवण्यात आले. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटे आणि दक्षिण आफ्रिका अशा चार ठिकाणी थांबून ते मे २०१० मध्ये मुंबईस परतले. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. पुढे त्याच म्हादेईतून अभिलाष टॉमी यांनी कोठेही न थांबता ही प्रदक्षिणा पुरी केली. १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबई सोडलेले टॉमी ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईस पोचले. एकट्या नाविकास झोप आली म्हणजे सुकाणू यंत्राच्या स्वाधीन करून तो घटकाभर डोळे मिटतो. त्या वेळी त्याचे प्राण त्या एका पात्यावर विसंबलेले असतात.

सप्टेंबर २०२२ मध्ये टॉमी आणखी एका सफरीस निघाले. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून सुटणाऱ्या गोल्डन ग्लोब या शर्यतीचा मार्ग स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या पश्चिमेकडून दक्षिणेस उतरतो. पुढे सगळी पृथ्वी वळसा घालून, दुसऱ्या क्रमांकाचा मान मिळवून, ते २९ एप्रिल २०२३ रोजी परत आले. परंतु ते ज्या पाण्याच्या बाजूने दक्षिणेस गेले, तेथे त्या सुमारास नाविकांपुढे एक नवेच संकट उभे राहिले होते. ते संकट वादळाचे नव्हते आणि चाच्यांचेही नव्हते. त्या पाण्यातील एक प्राणी नौकांची सुकाणू मोडू लागला होता.

हा प्राणी म्हणजे ऑर्का. काळ्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा आणि डोळ्यामागे पांढरा ठिपका असलेला हा जलचर देवमासा म्हणून ओळखला जातो. पण प्राणिशास्त्र त्याची गणना डॉल्फिनांच्या कुळात करते, आणि त्या कुळात तोच सर्वांत मोठा आहे. पूर्ण वाढलेला नर सहा ते आठ मीटर लांब असतो. त्याच्या पाठीवरचा पर उंच माणसाएवढा असू शकतो. मोठमोठ्या देवमाशांचीही शिकार करण्याच्या त्याच्या सामर्थ्यामुळे जुन्या खलाशांनी त्याला 'मारेकरी' हे नाव दिले. तथापि मोकळ्या समुद्रात ऑर्काने माणसाला ठार मारल्याची नोंद नाही. हौदांत कोंडून ठेवलेल्या ऑर्कांच्या हातून मात्र माणसांचे मृत्यू घडले आहेत. त्यावरून बंदिवास कोणाच्याही स्वभावाला मानवत नाही, एवढेच म्हणता येईल.

ऑर्कांचे कुटुंब आईभोवती बांधलेले असते. मुलगे आणि मुली मोठ्या झाल्यावरही आईच्या सोबतीने पोहतात. पॅसिफिक महासागरातील ऑर्कांच्या अभ्यासात असे आढळले आहे की, मासळी दुर्मिळ झाली म्हणजे वृद्ध माद्या कळपाच्या पुढे राहतात. कोणत्या ऋतूत अन्न कोठे मिळते, याची आठवण आजीपाशी असते. प्रत्येक कुटुंबाचे आवाज वेगळे, खाणे वेगळे आणि शिकारीची रीतही वेगळी. लहानगी पिले हे सारे थोरांकडून पाहून शिकतात. कोकणात आणि विदर्भात एकच सण निराळ्या रीतीने साजरा व्हावा, तसाच हा प्रकार आहे.

स्पेन आणि मोरोक्को यांच्यामध्ये जिब्राल्टरची सामुद्रधुनी आहे. अगदी अरुंद ठिकाणी तिची रुंदी जेमतेम चौदा किलोमीटर भरते. दरवर्षी वसंत ऋतूत ट्यूना माशांचे थवे अंडी घालण्यासाठी अटलांटिक महासागरातून या चिंचोळ्या वाटेने भूमध्य समुद्रात शिरतात. त्या किनाऱ्यावरचे कोळी हजारो वर्षांपासून त्यांच्या वाटेत जाळी रोवीत आले आहेत. ऑर्कांचा एक छोटासा समूहही याच ट्यूनांवर जगतो. ट्यूना मोठा वेगवान मासा आहे. त्याचा पाठलाग करून, त्याला पुरता दमवून, मगच ऑर्का त्याला पकडतात.

२०२० च्या उन्हाळ्यात या समूहातील काही ऑर्का शिडाच्या नौकांजवळ येऊन त्यांची सुकाणू डोक्याने ढकलू लागले, दातांत धरू लागले. प्रथम सामुद्रधुनीत, मग पोर्तुगालच्या आणि स्पेनच्या वायव्य किनाऱ्याशी असे प्रसंग घडू लागले. पुढील काही वर्षांत त्यांची संख्या शेकड्यांत गेली. बहुतेक नौकांना थोडीफार इजा झाली किंवा काहीच झाले नाही. काहींना ओढून बंदरात न्यावे लागले. मोजक्या काही नौका बुडाल्या. १२ मे २०२४ रोजी मोरोक्कोच्या पाण्यात सुमारे पंधरा मीटर लांबीच्या एका नौकेस धक्के बसले, सुकाणू मोडले आणि तळातून पाणी आत येऊ लागले. नौकेवरील दोघांना जवळून जाणाऱ्या एका तेलवाहू जहाजाने वर घेतले. त्यांची नौका मात्र समुद्राच्या तळाशी गेली.

ऑर्का असे का करीत असतील? एखाद्या नौकेने जखमी केलेल्या मादीने सूड उगविण्यास आरंभ केला आणि इतरांनी तिचे अनुकरण केले, अशी एक कथा जगभर पसरली. सूडाची कथा माणसाला चटकन पटते. परंतु ऑर्कांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ तिला फारसे मानीत नाहीत. सूड घ्यावयाचा असता तर एवढ्या बलाढ्य प्राण्याने सुकाणूवरच का थांबावे? पाते मोडले की पुष्कळदा ऑर्का निघून जातात. या खेळात पुढाकार असतो तो बहुधा वयाने लहान असलेल्या ऑर्कांचा. म्हणून अनेकांचे मत असे की हा खेळ आहे, किंवा फार तर मोठ्या माशाची शिकार करण्याची तालीम आहे. सुकाणू हलते, डोक्याने ढकलले तर वळते, दाबले तर उलट दाबते. एखाद्या खेळकर पिलाला आणखी काय हवे?

या मताला बळकटी देणारी एक जुनी गोष्ट आहे. १९८७ च्या सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळील एका ऑर्काने मेलेला सामन मासा टोपीसारखा डोक्यावर वाहण्यास सुरुवात केली. पाहता पाहता इतर ऑर्काही तसेच करू लागले. काही काळ ती टूम चालली आणि मग जशी आली तशी नाहीशी झाली. शाळेत भोवऱ्याचा हंगाम येतो, सर्वांच्या खिशांत भोवरे दिसू लागतात, आणि एके दिवशी ते कोठे गेले ते कळतही नाही. ऑर्कांच्या मुलांतही असे हंगाम येतात असे दिसते.

परंतु एकाचा खेळ दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. १५ जून १९७२ रोजी पॅसिफिक महासागरात, गालापागोस बेटांच्या पश्चिमेस, 'लुसेट' नावाच्या लाकडी नौकेवर ऑर्का येऊन आदळले. नौका काही मिनिटांत बुडाली. तीवर डूगल रॉबर्टसन, त्यांची पत्नी, मोठा मुलगा, लहान जुळी मुले आणि एक तरुण विद्यार्थी अशी सहा माणसे होती. जुळी मुले अवघ्या अकरा-बारा वर्षांची होती. हवेने फुगविलेला एक तराफा आणि एक छोटी होडी एवढाच त्यांचा आसरा उरला. काही दिवसांनी तराफाही निकामी झाला आणि सहाही जण त्या होडीत दाटीवाटीने बसले. पावसाचे पाणी साठवून आणि कासवे व मासे पकडून त्यांनी अडतीस दिवस काढले. शेवटी एका जपानी मच्छीमार जहाजाने त्यांना पाहिले आणि सर्वांचे प्राण वाचले. त्या मुलांच्या ठिकाणी स्वतःला कल्पून पाहिले म्हणजे समुद्रावरची सावधगिरी ही किती गंभीर गोष्ट आहे ते समजते.

तेव्हा जिब्राल्टरजवळून जाणाऱ्या नाविकाने काय करावे? भ्यालेल्या माणसाला सुचणारे उपाय पहिल्या क्षणीच सुचतात. कोणी पाण्यात फटाके टाकले. कोणी नौकेतील हाती लागेल ते ऑर्कांच्या दिशेने फेकले. असे उपाय बेकायदेशीर तर आहेतच, शिवाय ते निरुपयोगीही आहेत. चवताळलेल्या, सहा मीटर लांबीच्या प्राण्याशी समुद्रात झुंज घेण्याइतके बळ कोणत्याही शिडाच्या नौकेत नाही.

शहाणा नाविक आपली तयारी बंदरातच सुरू करतो. ट्यूना कोणत्या महिन्यांत येतात हे त्याला ठाऊक असते, म्हणून ऑर्का कोठे असतील याचाही अंदाज त्याला बांधता येतो. अलीकडे ऑर्का कोठे दिसले याची खबर नाविक एकमेकांना देतात. ती तो निघण्यापूर्वी विचारून घेतो. शक्य असेल तर मे ते ऑगस्ट या काळात तो त्या भागातून जाण्याचे टाळतो. जाणे भागच असेल तर खोल पाणी सोडून, खडक आणि कोळ्यांची जाळी सांभाळीत, किनाऱ्याच्या जवळून जातो. सुकाणू मोडलेच तर काय करावयाचे, याचा विचार त्याने आधी केलेला असतो. पिछाडीस दोर किंवा लहानसे ओढण सोडून, ते या किंवा त्या बाजूस घेऊन, नौकेला कशीबशी दिशा देता येते. गळती बुजविण्याचे साहित्य आणि पाणी उपसण्याचे पंप तो हाताशी ठेवतो.

इतके करूनही काळे पर दिसलेच, तर मनाचा तोल सांभाळणे हे पहिले काम. सर्वांनी कठड्यापासून दूर, नौकेच्या मध्यभागी बसावे. कोणीही वाकून पाहू नये, छायाचित्रासाठी हात बाहेर काढू नये. खाली पात्याला धक्का बसला की वर चक्र गरकन फिरते आणि त्यात सापडलेला हात मोडू शकतो. म्हणून चक्रापासून हात दूर ठेवावे. बिनतारी यंत्राच्या चॅनेल १६ वरून किनाऱ्यावरील बचाव केंद्राला आपला ठावठिकाणा कळवावा. आणि नौका न थांबविता, इंजिनाच्या साह्याने, उथळ पाण्याकडे वळावे.

हा शेवटचा उपदेश मोठा बोधप्रद आहे, कारण आरंभी तो नेमका उलट होता. नौका थांबवावी, शिडे उतरवावी, सुकाणू मोकळे सोडावे. खेळण्यात गंमत उरली नाही की ऑर्का कंटाळून जातील, असे पहिल्या वर्षांत सांगितले जात असे. जून २०२३ मध्ये एका मोठ्या शर्यतीतील नौकांना सामुद्रधुनीच्या पश्चिमेस ऑर्का भेटले, तेव्हा एका नौकेने शिडे उतरवून वेग कमी केला आणि थोड्या वेळाने ऑर्का निघूनही गेले. पण अनेक नाविकांनी आपापले अनुभव प्रामाणिकपणे नोंदविले आणि ते एकत्र ताडून पाहण्यात आले, तेव्हा थांबण्यापेक्षा उथळ पाण्याकडे चालत राहणे अधिक हिताचे, असा निष्कर्ष निघाला. २०२४ मध्ये स्पेनच्या शासनाने नाविकांना तसाच सल्ला दिला. काल दिलेला सल्ला आज बदलण्यात कोणालाही कमीपणा वाटला नाही. ज्ञानाची नौका अशीच चालत असते. तिलाही वरचेवर दिशा सुधारून घ्यावी लागते.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? त्रास देणाऱ्या चार ऑर्कांना बंदुकीने टिपले की प्रश्न मिटला. या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात आहे. २०११ च्या गणनेत या समूहात अवघे ३९ ऑर्का भरले. शाळेच्या एका वर्गात बसतील एवढेच! २०१९ पासून जागतिक निसर्गसंघटनेच्या यादीत हा समूह अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. ऑर्काच्या मादीचा गर्भकाळच सुमारे दीड वर्षाचा असतो, आणि दोन पिलांच्या मध्ये अनेक वर्षे जातात. त्यातील एक माता मारली गेली तर तिची जागा भरून येण्यास एक पिढी लागेल, आणि कळपाला वाट दाखविणारी एक आठवणही कायमची बुजेल. नौका मोडली तर दुसरी बांधता येते. ऑर्कांचे कुटुंब कोणत्याही गोदीत बांधून मिळत नाही.

हा प्रश्न दूरच्या स्पेनचाच आहे असे मात्र समजू नये. समुद्रातील प्राणी आणि पोटासाठी समुद्रावर जाणारा माणूस यांची गाठ महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही रोज पडते. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या कोळ्यांच्या जाळ्यांत कधी कासव अडकते, कधी डॉल्फिन, तर कधी बसएवढा प्रचंड पण निरुपद्रवी व्हेल शार्क. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आज या जिवांना अभय दिलेले आहे. पण कायदा कागदावर असतो आणि जाळे तांडेलाच्या हातात. अडकलेला जीव धडपडतो, त्याला श्वासासाठी वर येता येत नाही, क्षणाक्षणाचा प्रश्न असतो. त्याला सोडवावयाचे तर जाळे कापावे लागते; आणि जाळे म्हणजे कोळ्याचे शेत आणि नांगर दोन्ही. कर्ज काढून घेतलेल्या जाळ्यावर सुरी चालविणे सोपे नसते.

ही अडचण ओळखून महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये एक योजना सुरू केली. संरक्षित प्राण्याला जाळे कापून जिवंत सोडणाऱ्या मच्छीमारास, त्या सुटकेचे चित्रण दाखविल्यावर, पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याचे ठरले. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी मिळून हे काम हाती घेतले. तेव्हापासून किती तरी कासवे, डॉल्फिन आणि व्हेल शार्क पुन्हा पाण्यात गेले आहेत. केवळ उपदेश करून कोळ्याला शहाणपण शिकविण्यापेक्षा त्याच्या नुकसानीचा वाटा समाजाने उचलावा, हा यातील विचार आहे. समुद्राचे वैभव सर्वांचे असेल, तर ते राखण्याचा खर्च एकट्या कोळ्याच्या माथी का असावा?

आणि पुणेकर मुलांचा या साऱ्याशी काय संबंध? दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत घाट उतरून कितीतरी कुटुंबे कोकणात जातात. मालवण-तारकर्लीकडे किंवा दापोलीच्या किनाऱ्यावर पहाटे होडीत बसून डॉल्फिन पाहावयास निघतात. पाण्यातून एक करडी पाठ वर येते, सगळे ओरडतात, आणि कोणीतरी नावाड्याला म्हणते, "काका, अजून जवळ घ्या ना!" एका होडीचे पाहून दुसरी, दुसरीचे पाहून तिसरी धावते. इंजिनांच्या गोंगाटात मादी आणि पिलू यांची ताटातूट होण्याची भीती असते. अशा वेळी नावाड्याला उलट सांगता आले पाहिजे: होडी हळू चालवा, त्यांच्या पुढे आडवी घालू नका, पाठलाग करू नका, ती आपण होऊन आली तर आनंदाने पाहू. गिऱ्हाईक रागावेल म्हणून ज्या नावाड्याचा नाइलाज होतो, त्याचे काम अशा एका वाक्याने सोपे होते. त्या क्षणी होडीचे सुकाणू काही अंशी त्या मुलाच्याच हाती असते.

माणसाला समुद्रात कल्ले फुटत नाहीत. तो तेथे उसन्या श्वासावर आणि उसन्या वाऱ्यावर जातो, थोडा काळ राहतो आणि परत येतो. तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी कुटुंबे आहेत, त्यांच्या वाटा ठरलेल्या आहेत, त्यांच्या मुलांचे खेळ आहेत. परक्या घरी गेलेला पाहुणा यजमानांच्या जेवणाच्या वेळी दारात आडवा उभा राहत नाही; घरातले मूल अंगावर धावून आले तर त्याला मारीत नाही, हसून बाजूला होतो; आणि स्वतःला इजा होऊ नये म्हणून डोळे उघडे ठेवतो. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून जाणारा नाविक आज हीच रीत शिकत आहे. मालवणच्या पाण्यात जाळे कापणाऱ्या तांडेलाने ती आधीच आचरणात आणली आहे. सुट्टीत घाट उतरणाऱ्या मुलांनीही ती सोबत नेली, तर समुद्रावर जाताना याहून उपयोगी शिदोरी दुसरी नाही.